मॉल्डनचं आफ्रिकन झायन बॅप्टिस्ट चर्च: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कनॉवा नदीच्या काठी, डोंगरांच्या बेचक्यात मॉल्डन नावाचं छोटंसं गाव आहे आणि त्या गावात १८७२ साली बांधलेलं एक पांढरं लाकडी चर्च आहे. गुलामीत जन्मून पुढे मोठे शिक्षक आणि नेते झालेले बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबद्दल वाचता वाचता मी या चर्चपाशी पोचले आणि तिथेच थांबले. तेव्हापासून घरी, मैत्रिणींमध्ये, नातेवाइकांमध्ये विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढतेय.

डोंगरात कुठले आलेत ब्लॅक लोक? ते तर खाली कापसाच्या मळ्यांवर होते ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो फक्त आपल्यालाच पडतो असं नाही, खुद्द अमेरिकेतही ॲपलॅचियन डोंगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोरे, गरीब, खाणकामगार एवढंच चित्र येतं. या चुकीच्या चित्राचा इतका वीट आला होता की केंटकीचे कवी फ्रँक एक्स वॉकर यांनी १९९१ मध्ये 'ॲफ्रिलॅचियन' असा नवीन शब्दच काढला, म्हणजे आम्ही आफ्रिकन वंशाचेही आहोत आणि या डोंगरातलेही आहोत.

आता मॉल्डनचं बघा. तिथे कापूस नव्हता, तिथे मीठ होतं. समुद्र शेकडो मैल लांब, पण जमिनीखाली खारं पाणी. १८०८ मध्ये रफनर भावांनी झाडाचं पोकळ खोड जमिनीत उतरवून, खाली खडकात भोक पाडून ते पाणी वर काढलं आणि मग नदीच्या काठाने मिठाच्या भट्ट्यांची रांगच लागली. आधी लाकूड जाळायचे, त्यात आजूबाजूचे डोंगर बोडके झाले, मग कोळसा सापडला तो जाळायला लागले. १८४६ मध्ये तिथे वर्षाला ३० लाख बुशेलच्या वर मीठ निघत होतं (बुशेल हे तिकडचं धान्य वगैरे मोजायचं माप), आणि ते नदीतून बोटीने सिनसिनाटीला जायचं, डुकराचं मांस खारवायला.

हे सगळं काम करणारे हात कुणाचे, तर गुलामांचे. त्यातले कित्येक तर भाड्याने आणलेले, म्हणजे पूर्व व्हर्जिनियातला मालक आपला माणूस वर्षाच्या करारावर मिठाच्या कारखानदाराला द्यायचा आणि पैसे घ्यायचा, जसं आपण बैल भाड्याने देतो तसं. १८५० मध्ये कनॉवा काउंटीत तीन हजारांहून जास्त गुलाम होते. तर डोंगरात ब्लॅक लोक नंतर आले असं अजिबात नाही, ते पहिल्यापासून आहेत, तिथली पहिली मोठी इंडस्ट्री त्यांच्याच पाठीवर उभी राहिली.

चर्च नक्की कधी सुरू झालं?

इमारत १८७२ ची, पण मंडळी त्याच्या कितीतरी आधीची. १८५० च्या दशकात गुलामीत असलेली माणसं एकमेकांच्या घरात प्रार्थनेला जमत होती. हे जमणं सोपं नव्हतं हे लक्षात घ्या, कारण तेव्हा हा भाग व्हर्जिनियातच होता (वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं ते २० जून १८६३ ला) आणि १८३१ मध्ये नॅट टर्नरने गुलामांचा उठाव केल्यावर व्हर्जिनियाने कायदे कडक करून ब्लॅक माणसाने प्रवचन देणं, स्वतःची धार्मिक सभा भरवणं बेकायदा ठरवलं होतं. नॅट टर्नर स्वतः प्रवचनकार होता, म्हणून मालक लोकांना बायबल वाचणाऱ्या गुलामाची भीती बसली होती.

३ फेब्रुवारी १८६५ ला वेस्ट व्हर्जिनियाने गुलामगिरी रद्द केली आणि मग उघडपणे सगळं सुरू झालं. वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लॅक बॅप्टिस्ट चर्चांचं हे मदर चर्च मानतात.

आधीच चर्च होतं की गावात, मग वेगळं कशाला काढलं?

होतं ना, गोऱ्यांचं प्रेस्बिटेरियन चर्च होतं, १८४० चं, पक्क्या विटांचं, अजूनही उभं आहे. पण गोऱ्यांच्या चर्चमध्ये गुलामांना जागा मिळायची ती मागे किंवा वर गॅलरीत, आणि ऐकायला काय मिळायचं तर मालकाची आज्ञा पाळा, चोरी करू नका. ज्यांनी हे वर्षानुवर्षं ऐकलं त्यांना स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिल्यांदा काय हवं झालं असेल? स्वतःची जागा, जिथे पुढच्या बाकावर आपणच बसू आणि बोलायला उभा राहणारा आपल्यातला असेल. वेगळं चर्च काढलं याला काही जण फूट म्हणतात. मला ते पटत नाही, मागच्या बाकावरून उठून स्वतःचं घर बांधलं, त्याला फूट कसली म्हणायची.

बॅप्टिस्टच का? मेथडिस्ट, कॅथलिक का नाही?

मेथडिस्टही होते, डोंगरात बऱ्याच ठिकाणी एएमई आणि एएमई झायन ही ब्लॅक मेथडिस्ट चर्च आहेत. पण बॅप्टिस्टांमध्ये वर बिशप नसतो, प्रत्येक मंडळी आपापली मुखत्यार, दहा-पंधरा कुटुंबं एकत्र आली की चर्च झालं, आणि पाळक व्हायला मोठं शिक्षण लागत नाही, देवाने बोलावलं असं मंडळींना पटलं की बास. खिशात पैसा नाही, शाळा बघितलेली नाही, अशा माणसांना हे जमण्यासारखं होतं. शिवाय पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा, आणि डोंगरात नदी-ओढ्यांना काय तोटा!

लुईस राइस कोण?

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात मोठा माणूस हाच, आणि त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. स्वतः गुलामीतून आलेला, सुटका झाल्यावर या मंडळीचा पाळक झाला, लोक त्याला फादर राइस म्हणायचे.

१८६५ मध्ये मिठाच्या भट्ट्यांवरच्या लोकांना शाळा हवी होती. सरकारी शाळा नाही, इमारत नाही, काहीच नाही. मास्तर मात्र मिळाला, विल्यम डेव्हिस नावाचा तरुण, ओहायोहून आलेला, यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या सैन्यात राहिलेला. शाळा भरवायची कुठे, तर राइसच्या घरात, त्याच्या झोपायच्या खोलीत. सकाळी खाट उकलून बाजूला ठेवायची, तिथे फळ्यांची तीन-चार बाकं मांडायची, शाळा सुटली की बाकं उचलून परत खाट लावायची, आणि हे रोज. मास्तरचा पगार पालक वर्गणीतून द्यायचे आणि त्याचं जेवण आळीपाळीने एकेका घरी, आज यांच्याकडे उद्या त्यांच्याकडे. आपल्याकडे वार लावून शिकणारे विद्यार्थी असायचे ना, इथे मास्तरच वार लावून जेवत होता. बुकरने पुढे लिहिलंय की मास्तर आपल्या घरी यायच्या दिवसाची मुलं वाट बघत असायची, कारण त्या दिवशी घरात जे असेल ते चांगलंचुंगलं पानात पडायचं.

बुकर टी. वॉशिंग्टन यांचा या चर्चशी संबंध काय?

इथे जरा लांबण लागणार आहे, कारण सगळी गोष्ट यातच आहे.

बुकरचा जन्म १८५६ चा, व्हर्जिनियातल्या फ्रँकलिन काउंटीत, गुलाम म्हणूनच. सावत्र वडील मॉल्डनला मिठाच्या भट्टीवर होते, स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांनी कुटुंबाला बोलावून घेतलं आणि आई मुलांना घेऊन डोंगर ओलांडून आली, सामान गाडीत आणि मुलं बहुतेक वाट पायी, काही आठवडे लागले. आल्या आल्या नऊ-दहा वर्षांचा पोरगा भट्टीवर मीठ भरायला लागला. दिवस संपताना मुकादम यायचा आणि कुणी किती पिंपं भरली ते कळावं म्हणून पिंपांवर नंबर टाकायचा. बुकरच्या वडिलांचा नंबर होता १८. त्याला एक अक्षर येत नव्हतं पण रोज बघून बघून तो आकडा ओळखायला लागला, काढायला लागला. आयुष्यात वाचायला शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे मिठाच्या पिंपावरचा १८. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बसले होते थोडा वेळ.

मग आईने कुठूनतरी वेबस्टरचं निळ्या पुठ्ठ्याचं स्पेलिंगचं पुस्तक मिळवलं. मग डेव्हिस मास्तरांची शाळा. पण वडील शाळेत पाठवायला तयार नाहीत कारण पोरगं कमवत होतं, म्हणून आधी रात्रीचे धडे, नंतर दिवसा जायची परवानगी मिळाली ती अशी की पहाटेपासून नऊपर्यंत भट्टीवर काम करायचं आणि मग शाळा. शाळा नऊलाच सुरू व्हायची आणि होती लांब, म्हणून हा रोज सकाळी ऑफिसातल्या घड्याळाचा काटा साडेआठवरून नऊवर सरकवायचा! पकडला गेला शेवटी, घड्याळ काचेच्या पेटीत बंद झालं. शाळेत सगळ्यांना टोपी, याला नाही, दुकानातली घ्यायला पैसे नाहीत, तर आईने घरच्या जाड कापडाचे दोन तुकडे जोडून टोपी शिवून दिली. आणि हजेरीत सगळ्यांची दोन दोन नावं, याचं एकच, मग याने तिथल्या तिथे स्वतःला 'वॉशिंग्टन' हे आडनाव लावून टाकलं.

चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा राइसच्याच हातून झाला, संडे स्कूलही (रविवारी भरणारी धर्मशिक्षणाची शाळा) तिथलंच. नंतर तो कोळशाच्या खाणीत काम करत होता, तिथे दोन कामगार बोलत होते ते कानावर पडलं की व्हर्जिनियात हँप्टनला ब्लॅक मुलांसाठी मोठी शाळा आहे. तेव्हाच ठरवलं. १८७२ मध्ये निघाला, तेव्हा साधारण सोळा वर्षांचा, आणि जाताना वस्तीतली म्हातारी माणसं त्याला काय काय देऊन गेली, कुणी पाच सेंटचं नाणं, कुणी पंचवीस सेंटचं, कुणी एक हातरुमाल. ज्यांचं अर्धं आयुष्य गुलामीत गेलं त्यांनी आपल्या वस्तीतला एक मुलगा बोर्डिंगच्या शाळेत शिकायला चाललाय म्हणून हे दिलं. त्याच वर्षी इकडे चर्चची इमारत उभी राहत होती. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत, मिठाच्या आणि कोळशाच्या त्याच मजुरीतून वाचवलेले पैसे, एकीकडे लाकूड-खिळ्यांना गेले, दुसरीकडे बुकरच्या खिशात.

तो परत आला का मग?

हो, १८७५ ला शिकून परत आला आणि मॉल्डनच्या शाळेत मास्तर झाला. सकाळी आठला सुरू, रात्री दहापर्यंत चालूच. दिवसा मुलं, रात्री दिवसभर राबून आलेली मोठी माणसं, काही तर पन्नाशी उलटलेली. रविवारी दोन संडे स्कूल, सकाळी मॉल्डनला आणि दुपारी तीन मैलांवरच्या गावी. फक्त वाचायला नाही शिकवायचा, केस विंचरा, हातपाय धुवा, टूथब्रश वापरा हेही असायचं त्यात. १८८१ ला तो अलाबामात टस्कीगीला गेला आणि तिथली संस्था उभी केली, ते सगळ्यांना माहीत असतं. पण शाळा काढायची कशी, जवळ काही नसताना, ते तो इथे शिकला होता, खाट उकलून बाकं मांडणाऱ्या माणसाकडून.

त्रास झाला का त्यांना? कू क्लक्स क्लॅन (ब्लॅक लोकांवर हल्ले करणारी गोऱ्यांची गुप्त संघटना) वगैरे?

झाला. बुकरने लहानपणी मॉल्डनला डोळ्यांनी पाहिलेली मारामारी लिहून ठेवलीय, दोन्ही बाजूंना शंभर शंभर माणसं. जनरल लुईस रफनर, ज्यांच्या घरी बुकर काम करायचा, ते गोरे गृहस्थ ब्लॅक लोकांची बाजू घ्यायला मध्ये पडले तर त्यांना इतकं लागलं की ते पूर्ण बरे कधी झालेच नाहीत. दक्षिणेत त्या काळात कितीतरी ठिकाणी शाळा आणि चर्च जाळली गेली, नेमकी तीच, कारण माणसं एकत्र येतात ती जागा तीच असते.

आणि हे फक्त तेव्हाचं नाही. साउथ कॅरोलायनात, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी, गुलामीतून सुटलेल्यांनी वसवलेली लायबेरिया नावाची वस्ती आहे, तिथलं सोपस्टोन बॅप्टिस्ट चर्च १९६७ मध्ये जाळलं. १९६७ म्हणजे नागरी हक्कांचे कायदे होऊन गेल्यावर! लोकांनी परत बांधलं. पुढे ते टिकवायला चर्चच्या आवारात मासे तळून जेवण ठेवायला लागले, लांबून लांबून लोक यायचे आणि त्या पैशावर चर्च चालायचं.

एवढ्या छोट्या गावात पाळकाला पगार कुठून देत?

बऱ्याच ठिकाणी देताच यायचा नाही. डोंगरातल्या चर्चांमध्ये एक पाळक तीन-चार गावं सांभाळायचा, एकेका गावी महिन्यातून एक रविवार. बाकीचे रविवार डीकन (मंडळीतलेच पाळकाचे मदतनीस) आणि बायका चालवायच्या. खरंतर बायकाच चालवायच्या असं म्हणायला हवं, आजाऱ्याकडे जाणं, मयताचं बघणं, मुलांचं संडे स्कूल, जेवणं करून पैसे जमवणं, हे सगळं त्यांच्याकडे, पण दगडावर कोरलेली नावं मात्र पाळकांची.

कोळशाच्या कँपमध्ये अजून वेगळंच, घर कंपनीचं, दुकान कंपनीचं आणि चर्चची जागासुद्धा कंपनीची. काही कँपमध्ये पाळकाचे पैसे मजुरांच्या पगारातून कापून कंपनीच द्यायची. मग असा पाळक संपाबद्दल काय बोलणार? मॉल्डनच्या मंडळीने १८७२ ला स्वतःची इमारत बांधली त्याचं महत्त्व इथे कळतं.

पुढे एवढी ब्लॅक वस्ती वाढली कशी आणि गेली कुठे?

वाढली रेल्वे आणि कोळशाने. मिठाचा धंदा १८६१ च्या महापुरात आणि यादवी युद्धात बसला, मांसाचा बाजारही सिनसिनाटीहून शिकागोकडे सरकला. पण १८७३ ला चेसापीक अँड ओहायो रेल्वे डोंगरातून आरपार झाली, तिचे बोगदे खोदणाऱ्यांत हजारो ब्लॅक मजूर होते, आणि त्या रुळांवरून कोळसा बाहेर जायला लागला. दक्षिणेतून माणसं आली, कारण इथे खाणीत टनाच्या हिशोबाने मजुरी मिळायची आणि मुख्य म्हणजे मतदानाचा हक्क शाबूत होता. १९३० पर्यंत वेस्ट व्हर्जिनियात ब्लॅक लोकसंख्या जवळजवळ १ लाख १५ हजार झाली. कार्टर वुडसन, ज्यांनी १९२६ मध्ये नीग्रो हिस्टरी वीक सुरू केला (तोच पुढे ब्लॅक हिस्टरी मंथ झाला), तेही तरुणपणी इथल्याच खाणीत कोळसा काढत होते.

मग १९५० नंतर खाणीत मशिनं आली आणि सगळ्यात आधी काम गेलं ते ब्लॅक कामगारांचं. लोक डेट्रॉइट, क्लीव्हलंड, शिकागोला गेले. चर्च मागे राहिली, पाच-सात म्हाताऱ्या आणि एक पियानो. तरी वर्षातून एकदा 'होमकमिंग' असतं, बाहेर गेलेली पोरं-नातवंडं गाड्या काढून येतात, चर्च गच्च भरतं, स्मशानातलं गवत कापतात, जेवणं होतात. आपल्याकडे मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी जातो ना, अगदी तसंच समजा.

तिथे गातात कसं? गॉस्पेल का?

गॉस्पेल आहेच, पण त्याहून जुनी पद्धत म्हणजे लायनिंग आउट. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती लांबवून, घोळवून, आपापल्या हेलात उचलायची, वाद्य नाही काही नाही. याचं कारण साधं होतं, वाचता येणारे कमी आणि पुस्तकं त्याहून कमी. गंमत म्हणजे केंटकीतल्या गोऱ्या ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट चर्चमध्येही ही पद्धत टिकून आहे. मला ऐकताना पहिल्यांदा देवळातलं भजनच आठवलं, बुवा पुढे आणि मागे सगळे.

याचा आपल्याशी काय संबंध?

मॉल्डनशी थेट काही नाही. पण महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं ते अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. म्हणजे पुण्यात बसून फुले ज्या घटनेकडे बघत होते, तिच्यातून सुटलेली माणसं तेव्हा, नुकतीच वर्षभरापूर्वी, मॉल्डनला आपल्या चर्चचे खिळे ठोकून मोकळी झाली होती. आणि फुल्यांनी १८५५ ला कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती, हेही मला मॉल्डनची रात्रशाळा वाचताना सारखं आठवत होतं.

ॲपलॅचिया की ॲपलेशिया?

डोंगरातले लोक, विशेषतः दक्षिणेकडचे, 'ॲपलॅचा' असं म्हणतात. 'ॲपलेशिया' म्हटलं की बाहेरचा माणूस हे लगेच कळतं त्यांना.

बघायला जायचं तर काय आहे तिथे?

वेस्ट व्हर्जिनियाची राजधानी चार्ल्स्टनहून गाडीने दहा-पंधरा मिनिटं. चर्च लहान आहे, एकमजली, पांढऱ्या आडव्या फळ्यांचं, वर छोटासा घंटेचा मनोरा. मोठं काहीतरी बघायच्या अपेक्षेने गेलात तर पाच मिनिटांत बघून होईल, म्हणून आधी वाचून जा. १९७४ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदीत आहे. मागे बुकर राहायचा तशा खोपटाची प्रतिकृती केलीय. गोऱ्यांचं विटांचं चर्चही त्याच गावात आहे, ते आधी बघा आणि मग हे, फरक लगेच कळतो. आणि २०१३ पासून मॉल्डनला परत मीठ निघतंय, जमिनीखालच्या त्याच खाऱ्या पाण्याचं, फक्त आता भट्टी नाही, काचघरासारख्या शेडमध्ये उन्हावर वाळवतात.